पावसाळ्याचा कागद

यादीत संगणकाच्या पन्नास भाषा होत्या, जास्त चालणारी वर, कमी चालणारी खाली. खेमराजनं मोबाइलवर अंगठ्यानं सरकवत ती दोनदा वाचली. पहिल्यांदा वरून खाली, निकाल पाहणाऱ्या मुलासारखी, आणि दुसऱ्यांदा खालून वर, निकाल पाहणाऱ्या बापासारखी. पायथन पहिली आली होती. तिच्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. हुशार पोर, येणारच होती. जावा घसरली होती, पण घरंदाज बाई घसरते तशी, पदर सावरत, चौथ्या पायरीपर्यंत. सी आपल्या जागेवर होती, कमी बोलणाऱ्या माणसाला कोणी उठवत नाही म्हणून. विसाव्या नंबरच्या आसपास कोबोलसुद्धा काठी टेकत उभी होती, हे पाहून त्याला भरून आलं. फॉक्सप्रो नव्हती. पन्नासाव्या नावाखाली बारीक अक्षरांत 'इतर' असं लिहिलं होतं, आणि ते वाचताना आपल्याला पंगतीत पान वाढून झाल्यावर कोणीतरी दंडाला धरून उठवलं आहे असं त्याला वाटलं. भंडाऱ्याला सकाळचे साडेसात वाजले होते. बाहेर आखाडातला पाऊस पडून थांबला होता आणि पुन्हा पडायचं की नाही याचा विचार करत होता.

"अवो, चाय थंडा होऊन राहिला," शोभाताई आतून म्हणाल्या.

"फॉक्सप्रो गेली," खेमराज म्हणाला.

"अगंबाई! कोनाकडची होती?"

प्रश्न चुकीचा नव्हता. बत्तीस वर्षं ज्या भाषेत माणूस उठला-बसला, जिच्यात त्यानं स्वप्नंही पाहिली (एका स्वप्नात तो स्वतःचं लग्न शोधत होता आणि पडद्यावर 'रेकॉर्ड सापडला नाही' असं येत होतं), ती कुणाकडची तरी असणारच. आणि खरं सांगायचं तर यादीचा धक्का त्यानं पचवला असता. यादी त्याची जुनी विद्यार्थिनी करुणानं गमतीनं पाठवली होती. धक्का तिच्या दुसऱ्या निरोपाचा होता. तो असा होता: 'अन् सर, शकुनबाईनं माझा कागद वापस केला. म्हणते, हा उन्हाळ्याचा कागद आहे. मले काहीच समजून नाही राहिलं. आता तुमचा प्रोग्राम दाखवाच लागते. दहा वाजता क्लासवर येऊन राहिली.'

हा उन्हाळ्याचा कागद आहे. बावीस वर्षांपूर्वी, याच महिन्यात, याच बाईनं, हेच वाक्य त्याला ऐकवलं होतं. चहाचा कप त्याच्या हातात होता आणि कान एकदम गरम झाले.

आंधळगावला विणकरांची सोसायटी आहे. तिथं करवतकाठी विणतात, म्हणजे जिच्या काठाला करवतीसारखे दाते असतात ती टसरची साडी. दाता उठवायचा म्हणजे धोट्याच्या इतक्या फेऱ्यांनंतर काठाचा रंग इतके धागे आत सरकवायचा, मग तसाच मोजून बाहेर आणायचा. आणि पदराशी पोचताना शेवटचा दाता अर्धा तुटता कामा नये. अर्धा तुटला तर तिथली सर्वांत जुनी विणकरीण शकुनबाई त्या साडीला 'बोळकी' म्हणते आणि हातात धरत नाही. हा हिशोब पूर्वी म्हाताऱ्या विणकरांच्या बोटांच्या पेरांवर होता. पेरं एकेक करून जळाली, तेव्हा दोन हजार एक साली खेमराजनं त्याचा फॉक्सप्रोमध्ये प्रोग्राम लिहिला. साडीची लांबी सांगा, दात्याचं माप सांगा; प्रिंटर चर्र-चर्र करत कागद काढणार, त्यावर फेरे आणि धागे; तो कागद शिजल्या भाताच्या चार शितांनी मागासमोरच्या भिंतीला चिकटवायचा. बावीस वर्षं आंधळगावातून बोळकी साडी निघाली नव्हती. आता सोसायटीचा कॉम्प्युटर सुरू होताना म्हाताऱ्या माणसासारखा आधी खोकत होता आणि त्याच्या प्रिंटरची रिबन नागपुरातसुद्धा मिळत नव्हती. करुणा पुण्याहून महिनाभर वरठीला आईवडलांकडे आली होती, घरूनच कंपनीचं काम करत होती. ती म्हणाली, मी पायथनमध्ये लिहून देते. आणि लिहिता लिहिता तिनं तीनदा विचारलं, सर, तुमचा जुना प्रोग्राम द्या ना. पहिल्यांदा खेमराजनं सांगितलं, फ्लॉपीला बुरशी लागली. दुसऱ्यांदा सांगितलं, शोधून ठेवतो. तिसऱ्यांदा त्याला खोकला आला. मग बिचारीनं सेक्रेटरीकडून जुन्या छापील कागदांचा गठ्ठा घेतला आणि त्यावरून उलटा हिशोब लावून प्रोग्राम लिहिला. तो गठ्ठा लग्नसराईतला होता. म्हणजे चैत्र-वैशाखाचा.

ज्या ओळीसाठी त्यानं ही सगळी नाटकं केली ती ओळ त्याला पाठ होती. शर्ट अंगात घालताना त्यानं ती मनात म्हटली आणि बटणं एक घर चुकवून लावली.

घर ते क्लास हे अंतर खांब तलावाच्या बाजूनं चालत बारा मिनिटांचं. बारा मिनिटांत माणसाला आयुष्याचा आढावा घेता येतो. भंडारा त्या दृष्टीनं सोयीचं गाव आहे. जिल्हा तुटला त्याच वर्षी क्लास उघडला होता. गोंदिया वेगळं झालं आणि 'जिल्ह्यातील सर्वांत मोठे संगणक केंद्र' हा बोर्डावरचा दावा एका सरकारी आदेशानं, खेमराजनं काहीही न करता, बराचसा खरा झाला. बोर्ड टिनाचा. त्यावरची भाषांची नावं इश्वर पेंटर दरवर्षी जूनमध्ये बदलायचा. जगात कोण कुठं पाहण्या करत असेल ते असो, भंडाऱ्यात कोणती भाषा चढली आणि कोणती उतरली हे इश्वरच्या ब्रशवरून कळायचं. पालक यायचे, टोपी काढून विचारायचे, "सर, यंदा कोन्ती चालते?" कृषी केंद्रात धानाचं वाण विचारावं तसं. आणि खेमराज कृषी केंद्रवाल्याच्याच गांभीर्यानं सांगायचा, यंदा जावा टाका. त्याला त्यात कधी लबाडी वाटली नाही, कारण प्रत्येक भाषा आली तेव्हा तो तिच्या खरोखर प्रेमात पडला होता. नागपुरात पंचविसाव्या वर्षी कोबोल शिकला. ती आधी नाव-गाव-पत्ता विचारायची, मग कामाचं बोलायची, तहसीलमधल्या जुन्या हेडक्लार्कसारखी, आणि त्यांच्यासारखीच कागद कधी हरवायची नाही. सी आली, तिनं घराची किल्लीच हातात दिली आणि चुकलास तर घर पडेल एवढंच सांगितलं. व्हिज्युअल बेसिक आली तेव्हा वर्गातल्या पोरी पहिलं बटण पडद्यावर काढून स्वतःच दाबत आणि लाजत. जावामध्ये ग्लासभर पाणी मागायला पाच ओळींचा अर्ज करावा लागे, पण पाणी मुंबईत मागा नाहीतर चिखल्याच्या खाणीवर, चव तीच. आणि पायथन, जी त्यानं साठीला आल्यावर चष्मा वाढवून शिकली, तिनं तर त्याला रडवलं होतं. ओळ आत घेतली नाही तर ती बोलतच नसे. पण बोलली की तीस ओळींचं काम चार ओळींत, आणि वाचायला इतकी सरळ की वाटावं, अरे, हे आपल्याला आधी का सुचलं नाही? जुन्यासाठी नव्याला शिव्या देणं त्याला जमत नसे. चिन्नोर हे जुनं सुवासिक धान घरच्या खाण्यापुरतं एका बांधीत, शेताच्या बांध घातलेल्या एका तुकड्यात लावतात आणि बाकीच्या शेतात नवं वाण टाकतात. त्यात चिन्नोरचा अपमान नसतो. एवढंच की ती एक बांधी कोणी नांगरून सपाट करू नये.

क्लाससमोर इश्वर शिडीवर चढलेला होता आणि गेल्या वर्षीचं काहीतरी पत्र्यावरून खरवडत होता.

"सर, पालक म्हणून राहिले ए.आय. लिवा. हे कोन्ती भाषा आहे?"

"भाषा नाही रे ते."

"मंग?"

"ते भाषा बोलणारं आहे. सगळ्या बोलते."

इश्वरनं विचार केला. "पन दोनच अक्षरं आहेत, सर. एवढा मोठा टिन कसा भरू?"

ही अडचण खरी होती आणि खेमराजला एरवी तिच्यात रस वाटला असता. पण टर्पेंटाइनचा वास नाकात शिरला आणि त्या वासाबरोबर दोन हजार आठ सालचा एक दुपारचा वर्ग. सोळा वर्षांची करुणा, वरठीच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर काम करणाऱ्याची मुलगी, आठ किलोमीटर सायकल मारून यायची आणि धापा टाकतच विचारायची, "सर, काहून?" ही ओळ काहून? इथं एक काहून, शून्य काहून नाही? अख्ख्या वर्गाला कंटाळा आणायची. खेमराजला मात्र ती आली की आपण भंडाऱ्यात नसून कुठल्यातरी मोठ्या ठिकाणी शिकवतो आहोत असं वाटायचं. त्याचा एक नियम होता, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात कायमचा लिहिलेला: कारण सांगता येत नसेल ती ओळ लिहू नये. जो लिहील त्याचे दहा गुण वजा. त्या दुपारी करुणाचा प्रोग्राम सगळ्यांच्या आधी चालला. बरोबर चालला. खेमराजनं एका ओळीवर बोट ठेवलं, ही कायले? ती म्हणाली, माहीत नाही सर, काढली का बंद पडते. खेमराज म्हणाला, मग काढ. कारण सापडलं की टाक. तिनं ओळ खोडली, प्रोग्राम बंद पडला, आणि ती रडली नाही. वहीत डोकं खुपसून संध्याकाळपर्यंत बसली, आणि पाच वाजता कारण सापडलं म्हणून उठली तेव्हा तिचा चेहरा असा होता की खेमराजनं तो पुढं पंधरा वर्षं पुरवून पुरवून वापरला. पुण्यात तिच्या हाताखाली बारा जण काम करत होते. दर दिवाळीला ती पेढे घेऊन यायची आणि म्हणायची, सर, तुमचा तो नियम मी आमच्या ऑफिसात लावला आहे. खेमराज पेढा घशात अडकल्यासारखा हसायचा. कारण त्या दुपारच्या सात वर्षं आधी त्यानं स्वतः ती ओळ लिहिलेली होती, आणि तिच्याशेजारी, इंग्रजी अक्षरांत मराठी, शेराही. ती वाचेल. आता दहा वाजता वाचेल. त्याच्या आयुष्यात त्याच्याबद्दल गैरसमज असलेलं हे एकच माणूस होतं, आणि तो गैरसमज त्याला फार प्यारा होता.

ती दहाला पाच कमी असतानाच आली, वडलांच्या स्कूटरवर, रेनकोटातून पाणी गाळत.

"सर, तुमी बटनं चुकले."

"माहीत आहे. बस."

कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर त्यानं आधीच सुरू करून ठेवला होता. फ्लॉपीची बुरशी वगैरेबद्दल तिनं काही विचारलं नाही, हा तिचा मोठेपणा. निळा पडदा आला. ती पुढं झुकून वाचू लागली आणि खेमराज मागं उभा राहिला, आणि त्याला आठवलं की डॉक्टर आपला एक्स-रे उजेडासमोर धरतो तेव्हा आपण डॉक्टरच्या तोंडाकडं बघतो, एक्स-रेकडं नाही. तिच्या मानेवर पावसाचा एक थेंब होता. तो खाली कधी घसरेल याची तो वाट बघत राहिला.

"सर, 'आबा' म्हणजे?"

"ताण्याचे, म्हणजे उभे, एकूण धागे. माझे वडील विणकर होते ना, केशवराव. आबा म्हणत होतो."

"अन् हे 'शोभा'?"

खेमराज खिडकीतून बाहेर पाहू लागला. "ते... उरते ते. सगळा भागाकार झाल्यावर आपल्या हाती जे राहते ना, ते."

"काकूले माहीत आहे?"

"नाही. अन् तू सांगू नको."

ती हसली. ती हसली तेव्हा त्याला बरं वाटलं आणि लगेच जास्त वाईट वाटलं, कारण पडदा वर सरकत होता. ती वाचताना मान हलवत होती. एके ठिकाणी "वा सर" म्हणाली, आणि खरंच तिथं त्यानं उरलेले फेरे दात्यांमध्ये वाटून देण्याची युक्ती केली होती, जी पाहायला बावीस वर्षांत कोणी आलं नव्हतं. कोणीतरी आपल्या घराच्या मागच्या भिंतीचं कौतुक करावं तसं त्याला झालं. मग पडदा थांबला. थेंब घसरला. त्यानं पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. तिथं लिहिलं होतं की महिना जून ते सप्टेंबर असेल तर दर सातव्या दात्याला एक फेरा जास्त. आणि पुढं: शकुनबाई म्हणतात. कारण माहीत नाही.

बाहेर इश्वर पत्रा खरवडत होता. तो आवाज दातांतून जात होता.

"सर," करुणा वळून म्हणाली. "वजा दहा."

"हो," खेमराज म्हणाला. "वजा दहा." आणखी काही बोलावं असं वाटून तो म्हणाला, "मी तिले एकदा विचारलं होतं. मंग पुन्हा विचारलंच नाही. कागद बराबर निघत होते. पुढं तो नियम लिवला तवा वाटलं, जाऊन विचारावं. पन तोपर्यंत लाज वाटू लागली. मंग तू आली, अन् तुले ती ओळ खोडाले लावली मी." हे वाक्य त्यानं पंधरा वर्षं तयार ठेवलं होतं आणि ते इतकं लहान निघेल याची त्याला कल्पना नव्हती.

करुणाच्या चेहऱ्यावर काय आहे ते त्याला वाचता आलं नाही. तिनं रेनकोट उचलला. "चला."

"कुठं?"

"आंधळगावले. कारण विचाराले. बावीस वर्सं झाले सर, आता तं सांगन ते."

स्कूटरवर मागं बसताना त्यानं कुठं धरावं हे ठरवेपर्यंत वरठी आली. दोन्ही बाजूंना रोवणी चालली होती. बाया ओणव्या, एका रेषेत, चिखलात धानाची रोपं खोचत मागं मागं सरकत होत्या. पुढं जायचं काम मागं सरकत करतात असं जगात हे एकच असावं. मोहाडीच्या अलीकडं चिखल्याकडून येणारा मँगनीजचा ट्रक काळं पाणी उडवत गेला आणि दोघांच्या रेनकोटांवर सारखेच ठिपके पडले. करुणा वाटेत एवढंच म्हणाली, "सर, हवेत ओल असते ना पावसाळ्यात. धागा फुगत असन, मंग विण वेगळी बसत असन. हेच कारण असन." तिच्या आवाजात सोळा वर्षांची घाई होती. खेमराजला मात्र वाटत होतं की ही वाट संपू नये. कारण सापडलं तर आपण आळशी ठरतो. नाही सापडलं तर ओळ जाते. नियम तिनंच पुण्यात लावला होता.

शकुनबाई मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर, डोळे जवळचं पाहायचे झालेले, बोटं मात्र अजून पंचविशीतली. घरात खळीचा, म्हणजे भाताच्या पेजेचा आंबट वास होता, आणि तो वास येताच खेमराज नऊ वर्षांचा झाला. खाली वाकून यावं लागलं म्हणूनही असेल.

"ये खेमराज. तुझी पोरगी आखाडात उन्हाळ्याचा कागद घेऊन फिरून राहिली."

"तेच विचाराले आलो, आजी," करुणा खड्ड्याच्या काठावर मांडी घालून बसली. "पावसाळ्यात सातव्या दात्याले एक फेरा जास्त काहून?"

"देतेत म्हनून."

"पन काहून देतेत?"

"माझी सासू देत होती."

"त्यायले तुमी नाही विचारलं?"

"विचारलं ना! मी का मुकी आहे? ते म्हने, तिची सासू देत होती."

"मंग त्यायले माहीत असन."

"असन. पन ते तं मेली बापा. आता वरतं जाऊन विचारू का? जातो मी, घाई असन तं."

करुणानं हवेतल्या ओलीचं सांगितलं. चांगलं सांगितलं, हातवारे करून, धाग्याचं पोट फुगवून दाखवून. शकुनबाईनं मन लावून ऐकलं. ऐकताना तिची बोटं थांबली नव्हती. "असन," ती म्हणाली. "तू शिकली आहे, तू म्हनते तं असन. पन आखाडात मंधामंधात आठ-आठ दिवस ऊन पडते, घर वाळून खडंग होते, तवा बी मी सातव्याले फेरा देतोच. अन् दाता बराबरच येते. नाही दिला तं बोळकी. त्याचं काय?"

करुणाचे हातवारे मध्येच थांबले. तिला असं अडलेलं पाहायचं खेमराजनं बावीस वेळा तरी मनात आणलं होतं. आज पाहिलं आणि आनंद झाला नाही. ती शकुनबाईच्या बोटांकडं बघत होती. जुनी साडी कापून काढलेली होती, पण तिच्या ताण्याचं वीतभर टोक मागाच्या फणीत तसंच ठेवलेलं होतं, आणि म्हातारी त्या टोकाच्या एकेका धाग्याला नव्या ताण्याचा एकेक धागा चिमटीत पीळ देऊन, वर राख लावून जोडत होती. पीळ, राख, पुढचा. पीळ, राख, पुढचा.

"हे जुनं काहून नाही काढत, आजी? नवंच पुरं भरून टाकायचं."

"याले विचार," शकुनबाई खेमराजकडं हनुवटी करून म्हणाली. "यानं काढलं होतं एकदा."

त्याला वाटलं होतं हे जगात आता फक्त त्यालाच माहीत आहे. मोहाडीचं घर, पोळ्याची साफसफाई, आबा सूत आणायला गेलेले. नऊ वर्षांच्या पोरानं मागावर लोंबणारी ती जुन्या धाग्यांची लोळी पाहिली आणि आबांना खूश करायचं ठरवलं. ओढली की येत होती. फणीतून सळसळ करत, सापानं कात टाकावी तशी गुळगुळीत, आणि फणी अशी लख्ख झाली की तिच्यातून पलीकडचा देव्हारा दिसू लागला. आबा आले. त्यांनी रिकाम्या फणीकडं पाहिलं, आणि मग खाली बसले. मारलं नाही. दोन हजार धागे, प्रत्येक त्याच्या त्याच्या फटीतून नव्यानं ओवायला चार दिवस लागले. मागच्या बाजूनं पोरानं धागा द्यायचा, पुढून आबांनी ओढून घ्यायचा. चौथ्या दिवशी आबा एवढंच म्हणाले, "पोरा, ते टोक म्हंजे वाट होती रे." ह्या वाक्यात उपदेश नव्हता. विणकाम आता आपल्यानंतर घरात राहणार नाही हे त्यांना तेव्हाच दिसलं असावं, आणि तरी ते पोराला चार दिवस समोर बसवून होते. सळसळ अजून तळव्यात होती. आज सकाळी, 'इतर' या शब्दावर अंगठा थांबला तेव्हा, ती तळव्यात पुन्हा उठली होती हे खेमराजला आत्ता, या खड्ड्याच्या काठावर कळलं. त्यानं करुणाला ही गोष्ट चार वाक्यांत सांगितली. शकुनबाईच्या शेजारी सरकून तिनं विचारलं, "मी जोडू का एक?" तिनं जोडलेला धागा म्हातारीनं ओढून पाहिला. तुटला. दुसरा जोडला, तोही तुटला. तिसरा राहिला.

"हं," शकुनबाई म्हणाली. विद्यापीठं यापेक्षा जास्त शब्द वापरतात.

सोसायटीचं ऑफिस दोन घरं टाकून होतं. दुपारचे दोन वाजले असतील. करुणानं लॅपटॉप उघडला आणि खेमराजला म्हणाली, "सर, तुमी बाहेर थांबा. मागून कोनी पाह्यलं तर माझ्याच्यानं होत नाही." हे वाक्य त्याच्या वर्गातलं होतं, तो ते पोरांना म्हणायचा. बाहेर पडवीत जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर काढून ठेवलेले होते, वर पोतं. तो पोत्यावर हात ठेवून उभा राहिला. आत की-बोर्ड पाऊस पडावा तसा वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. थांबला की त्याला वाटे, आता ती त्या ओळीशी आली. खोडेल. खोडावीच, नियम म्हणजे नियम. कारण सांगता येत नसेल ती ओळ. आणि म्हातारी गेली की कागद उन्हाळ्याचेच निघतील, बारा महिने, पहिल्या नंबरच्या भाषेत, अतिशय सुंदर. त्यानं स्वतःशी हेही कबूल केलं की ओळीपेक्षा त्याला दुसरीच भीती जास्त होती. पुढच्या दिवाळीला ती पेढे आणेल, पण त्या नियमाचं काही बोलणार नाही.

नवा प्रिंटर आवाजच करत नव्हता, त्यामुळं कागद निघाल्याचं कळलं नाही. करुणा तो हातात धरून त्याच्या अंगावरून निघून गेली. खेमराज मागोमाग गेला. शकुनबाईनं कागद घेतला, डोळ्यांजवळ नेला, मग डोळ्यांचा नाद सोडून अंगठ्यानं ओळी मोजत खाली आली. सात. पुढं. सात. पुढं. एके ठिकाणी परत वर गेली. खेमराज एक पाऊल पुढं सरकला. पण तिच्या अंगठ्याला फक्त खाज सुटली होती.

"हा पावसाळ्याचा," ती म्हणाली. "शीतं आन वं, चिकटवतो."

परत ऑफिसात आल्यावर खेमराज म्हणाला, "पाहू दे."

करुणानं लॅपटॉप त्याच्याकडं वळवला. चाळीस-पन्नास ओळी होत्या. त्याच्या सहाशे ओळींचं काम. प्रत्येक ओळ जिथं आत हवी तिथं आत, बाहेर हवी तिथं बाहेर, रोवणीतल्या बायांसारखी. त्यानं सावकाश वाचलं. ताण्याच्या एकूण धाग्यांना 'आबा' हेच नाव होतं. भागाकार होऊन हाती उरणारं 'शोभा' होतं. दात्यांमध्ये फेरे वाटायची त्याची युक्ती तिनं त्याच्यापेक्षा चांगली केली होती, इतकी चांगली की त्याला ती आपलीच असल्यासारखी वाटली. मग ती जागा आली. महिना जून ते सप्टेंबर असेल तर. आणि शेजारी, आता मराठी अक्षरांतच, कारण या भाषेत तेही चालतं: 'शकुनबाई म्हणतात. कारण खेमराज सरांना माहीत नव्हतं. मलाही माहीत नाही.' त्याच्याखाली दोन ओळी रिकाम्या होत्या.

त्यानं चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता.

"हे दोन ओळी रिकाम्या कायले ठेवल्या?"

"पुढच्याले लागन ना, सर."

बाहेर पावसाचं एकदाचं ठरलं होतं आणि तो पडायला लागला होता. खेमराजनं चष्मा घातला, घसा खाकरला, आणि फळ्यासमोर उभं राहून काढायचा तो आवाज काढायचा प्रयत्न केला.

"वजा दहा," तो म्हणाला.

"माहीत आहे, सर," करुणा म्हणाली, आणि ओळ तशीच ठेवून तिनं फाइल बंद केली.